रेघेपासून रेघेपर्यंत

पासो ओंदो,
१९ जून

प्रिय तादेओ,

मागच्या महिन्यात तू विचारलंस, पाण्याच्या खटल्याचं काय झालं, आणि मी "अजून नाही" एवढंच उत्तर पाठवलं. ते खोटं होतं. निकाल सात मार्चलाच लागला होता. आम्ही हरलो. डोह कंपनीचा, डोहाकडे जाणारी वाट कंपनीची, आणि बाबांच्या गुरांना तिथे पाणी पिण्याचा हक्क नाही. निकालाचा कागद नऊ पानांचा आहे. मी तो चार वेळा वाचला. त्यात मला एकही चूक सापडली नाही. हे सुरुवातीलाच लिहून टाकते, म्हणजे पुढे वाचताना तू आशा धरून बसणार नाहीस.

तुला माहीत असलेलंही यात येईल. क्रमाने लिहिल्याशिवाय मला विचार करता येत नाही, आणि त्यावर तू पुरेसा हसून झालेला आहेस. तर, आपल्या दोघांच्या जन्माच्या कितीतरी आधी, १९८६ मध्ये, माझ्या बाबांनी आणि सिरिलोकाकांनी, म्हणजे तुझ्या बाबांनी, आपल्या दोन कुरणांमधलं तारेचं कुंपण नव्याने घातलं. खरेदीखतातली हद्द एका पुरलेल्या दगडापासून दुसऱ्या पुरलेल्या दगडापर्यंत सरळ जाते आणि तिचा मधला सहाशे मीटरचा भाग दलदलीतून जातो. दलदलीत खांब टिकत नाही, दर पुराला आडवा होतो. म्हणून दोघांनी घोड्यावरून फिरून ठरवलं, की तार दलदलीतून न्यायचीच नाही. काकांनी ओढ्यापलीकडच्या, त्यांच्याच कठीण जमिनीकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "इथून ने. डोह तुझ्याकडे राहू दे, मला नदी आहे." बदल्यात बाबांनी वरच्या अंगाचा झाडांचा माळ त्यांना दिला, वासरांना वाऱ्यापासून आडोसा म्हणून. तार काकांची, खांब बाबांचे. सात पदरी तार, अकरा दिवसांचं काम. कागद नाही, साक्षीदार नाही. आई सांगायची, अकराव्या दिवशी दोघं भाजलेल्या कोकराच्या दोन बाजूंना बसले होते आणि काका म्हणत होते, "मला दगड दिलेस आणि पाणी घेतलंस, एलादिओ! तुझ्यासारखा चोर अख्ख्या जिल्ह्यात नाही." त्यावर बाबा, "मग बोलव पोलिसांना. पण आधी ती बरगडी इकडे दे."

या कुंपणाला आपल्याकडे कोणी कुंपण म्हणत नाही. रेघ म्हणतात. रेघ ओढली, रेघ तुटली, संध्याकाळी रेघेवर भेटू. मी मोंतेविदेओला भूमापन शिकायला जाईपर्यंत या शब्दाला दुसरा अर्थ असू शकतो हे मला माहीत नव्हतं. तिथे पहिल्याच आठवड्यात शिकवलं, की रेघ कागदावर असते. जमिनीवर असते ती फक्त तार.

तीन वर्षांपूर्वी मार्चमध्ये तू समुद्रापार झारागोसाला गेलास. त्यानंतर तीन आठवड्यांनी काकांनी मला वाटेत गाठलं. मुलगा गेला, गुडघे गेले, आता जमीन ठेवून काय करू, असं त्यांचं म्हणणं. पाइनची लागवड करणारी कंपनी घ्यायला तयार होती आणि विक्रीला ताजी मोजणी लागत होती. घोड्यावरून न उतरताच म्हणाले, "तू शिकून आलीयस, मग राजधानीतल्या कुठल्या परक्याला कशाला बोलावू? रेघेपासून रेघेपर्यंत मोज, पोरी. आणि लवकर मोज, नाहीतर मला पुरायला किती जागा लागते तेवढंच मोजायचं राहील." माझ्या स्वतःच्या सहीचं ते पहिलं काम. खरेदीखत १९११ चं होतं. त्यातल्या अंतरांवरून दलदलीकडचा दगड कुठे असावा हे मी गणिताने काढलं, तिथे पाऊण मीटर चिखल उकरला, आणि तो सापडला. मी काढलेल्या जागेपासून चौदा सेंटिमीटरवर, एकशेदहा वर्षांनंतर. मी चिखलात गुडघ्यांवर बसून एकटीच हसले. तू गेल्यानंतर त्या वर्षात मी हसल्याचं मला तेवढंच आठवतं.

नकाशावर हद्द काढली ती दगडापासून दगडापर्यंत, ठळक. तार तुटक रेषेने दाखवली, कारण ती दाखवावीच लागते. तिच्याबद्दल शेरा लिहिला नाही. डोह, ओढ्याचा तो तुकडा आणि भोवतालची अकरा हेक्टर जमीन काकांच्या बाजूला आली. कागदोपत्री ती तिथेच होती. नकाशा मी सहीसाठी दुकानात ठेवून आले. दुकानवाल्या बाई सांगत होत्या, की काकांनी तो आधी उलटा धरून पाहिला, मग सुलटा, आणि म्हणाले, "माझं रान इतकं देखणं कधीच नव्हतं. माझ्याकडे असताना तर नाहीच." आणि सही करून टाकली.

खरेदी झाली त्या दिवशी नोंदणीच्या कचेरीत मी हजर होते. सह्या संपल्यावर काका कंपनीच्या माणसाला म्हणाले, "एक सांगून ठेवतो. एलादिओची गुरं डोहावर येतील. नेहमी येतात." त्या माणसाच्या कानाला फोन होता. त्याने मान हलवली. काकांनी टोपी डोक्यावर चढवली. त्यांच्या लेखी तो करार तिथे पक्का झाला. ती मान फोनमधल्या माणसासाठी हलली होती, हे मी दीड मीटरवरून पाहिलं. आणि ती काकांसाठी हलली असती, तरी मान हलवणं कुठल्या कागदात येत नाही, हेही मला माहीत होतं. मी काही बोलले नाही. त्या आठवड्यात काका शहरातल्या वृद्धाश्रमात राहायला गेले.

पुढच्या वर्षी कंपनीने नवी तार घातली, बरोबर खरेदीखताच्या हद्दीवर. सिमेंटचे खांब, दलदलीत यंत्राने चार मीटर खोल ठोकलेले. ते आजही ओळंब्यात आहेत, मी तपासले. झाडांचा माळ त्यांनी बाबांना परत दिला, एक इंचही मागे न ठेवता. कंपनी वाईट वागली असं मला म्हणता येत नाही. ती नकाशाप्रमाणे वागली. नकाशा माझा होता. त्याच उन्हाळ्यात पाऊस झालाच नाही. घरामागचं तळं जानेवारीत चिखल झालं आणि फेब्रुवारीत तडकलं. बासष्ट गाई रोज सकाळी जुन्या वाटेने खाली जायच्या आणि नव्या तारेला मान लावून ओळीने उभ्या राहायच्या. पाणी तिथून दोनशेदहा मीटरवर होतं आणि वारा पाण्यावरून यायचा. बाबा ट्रॅक्टरला टाकी जोडून नदीवरून पाणी आणत, दिवसाला तीन खेपा. एका गाईला एवढं, तर बासष्ट गाईंना किती, आणि तीन खेपांत येतं किती, हा हिशोब मी त्यांना कागदावर मांडून दाखवला. त्यांनी तो शेवटपर्यंत ऐकला आणि म्हणाले, "बरोबर आहे. आता हे गाईंना सांग."

मग खटला. वकीलबाईंनी एकच रस्ता दाखवला: वहिवाट. कायद्याला जितकी वर्षं लागतात तितकी भरून वर काही उरली होती. अट एवढीच, की जमीन मालकाच्या परवानगीने नव्हे, तर स्वतःची समजून वापरलेली पाहिजे. मालकाने आपणहून दिली असेल तर ती मेहेरबानी, आणि मेहेरबानी कितीही वर्षं चालली तरी तिचा हक्क होत नाही. दांडगाईने बळकावली असेल तर होतो. म्हणजे बाबांनी भांडून, काकांच्या नाकावर टिच्चून डोह घेतला असता, तर तो आज बाबांचा असता. वकीलबाई म्हणाल्या, "एलादिओ, फक्त एक शब्द पाठ करा. परवानगी विचारली होती का? नाही. पुढे तोंड बंद." शहरात जाताना गाडी चालवता चालवता मी न्यायाधीश व्हायचे. परवानगी विचारली होती का? "नाही." छान. "पण पोरी, हे खोटं नाही ना?" खोटं नाही बाबा, तुम्ही खरंच विचारली नव्हती, काकांनी आपणहून दिली. "मग तसंच सांगतो की." नको. असं सेहेचाळीस किलोमीटर.

न्यायाधीश माझ्याहून फार तर पाच वर्षांनी मोठी होती. तिला आम्हाला वाचवायचं होतं, हे तिच्या विचारण्यावरून मला कळत होतं. तिने विचारलं आणि बाबा मोठ्याने "नाही" म्हणाले, टोपी दोन्ही हातांत धरून. तिथे थांबायचं होतं. पण खोली शांत होती आणि शांत खोलीत बाबांना आपण काहीतरी देणं लागतो असं वाटतं. "विचारायची वेळच आली नाही," ते म्हणाले. "त्यानेच सांगितलं ना, घे म्हणून." टंकलेखन करणारा माणूस थांबला. न्यायाधीशबाईंनी पुन्हा संधी दिली, अगदी सावकाश: "नीट ऐका. इतकी वर्षं तुम्ही स्वतःला त्या डोहाचे मालक समजत होता, की नव्हता?" बाबांना प्रश्नाचं खरंच नवल वाटलं. "मालक? मी? नाही हो बाई. डोह सिरिलोचा. दिलेलं परत मागत नाही, असा माणूस आहे तो. पण म्हणून काय ते माझं झालं?" कंपनीच्या वकिलाने पेनाला टोपण लावलं. परतताना अर्ध्या वाटेवर बाबांनी विचारलं, "चुकलं का गं माझं?" मी हो म्हणाले. पुढच्या वळणावर ते म्हणाले, "पण असं बघ, आम्ही दोघं भांडलो होतो असं मी सांगितलं असतं, तर ते तिथे कायमचं लिहून राहिलं असतं." मी गिअर बदलला.

गाई एप्रिलमध्ये गेल्या. दोन ट्रक, सकाळी आठ ते साडेअकरा. ड्रायव्हर ओळखीचा होता, म्हणाला, "काय एलादिओ, सुट्टी लागली म्हणायची!" बाबा म्हणाले, "सुट्टीवर त्या चालल्यात. मी घर राखतो." शेवटची गाय फळीवर चढेना, तेव्हा बाबांनी तिच्या कुल्ल्यावर थाप मारली नाही, तिच्या बाजूला उभे राहिले आणि ती चढेपर्यंत थांबले. शाळा डिसेंबरमध्ये बंद झाली. दोनच मुलं उरली होती, तीही एकाच घरातली. बस फक्त मंगळवारी येते. दुकान आठवड्यातून एक दिवस उघडतं आणि त्या दिवशीही बाई अर्धा वेळ दाराशी उभ्या असतात. तुमच्या कुरणातले पाइन कमरेएवढे झालेत. तुमच्या घराचं छप्पर उतरवलंय; भिंती पाडायला यंत्र यायचं आहे. बाबा अजूनही उजाडता घोड्यावर खोगीर चढवतात, झाडांच्या माळापर्यंत जातात, तिथे काही नसतं, आणि दहाच्या आत परत येऊन खोगीर उतरवतात.

आता जे मी कोणालाच सांगितलेलं नाही ते. इथे सगळे म्हणतात, पोरगी शहरात शिकली, तिने शब्द शहरातल्या अर्थाने घेतला, तिचा काय दोष. वकीलबाईंनीही दाव्यात तसंच लिहिलं: शब्दाच्या अर्थाबाबत गैरसमज. गैरसमज झाला नव्हता, तादेओ. काका रेघ म्हणाले तेव्हा त्यांना तार म्हणायचंय हे मला त्याच क्षणी कळलं होतं. दुसरं काय कळणार? मी त्या तारेवर लोंबकळत मोठी झाले. हद्द खरेदीखताप्रमाणे काढायची हे कायद्याने मला बांधलेलं होतं, ते खरं. पण नकाशाच्या तळाशी शेऱ्याला जागा असते. "दोन्ही शेजारी तारेला हद्द मानतात," एवढं वाक्य आणि खाली दोघांच्या सह्या, आणि डोह त्या विक्रीत गेला नसता. त्यासाठी दोघांना तुमच्या स्वयंपाकघरात एका टेबलाशी बसवायला हवं होतं. दहा मिनिटांचं काम. पण त्याच टेबलाशी तू मला विचारलं होतंस, माझ्याबरोबर येतेस का म्हणून, आणि मी "माते" चहाचं भांडं तुझ्या हातात परत देत "धन्यवाद" म्हणाले होते. भांडं देताना धन्यवाद म्हटलं की आता आणखी नको, हे आपल्याकडे लहान मुलालाही कळतं. तू ते दोन्ही गोष्टींचं उत्तर धरलंस. मी फक्त चहाबद्दल बोलत होते. मी ते दुरुस्त केलं नाही. तीन आठवड्यांनी त्या खोलीत जाऊन दोन म्हाताऱ्यांसमोर बसायचं म्हणजे तुझं नाव निघणार, आणि ते मला नको होतं. म्हणून नकाशा दुकानात ठेवला. म्हणून शेरा लिहिला नाही. नकाशा त्याशिवाय नीटनेटका दिसतो, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. यापेक्षा मोठं कारण शोधायचा मी प्रयत्न केला, सापडलं नाही.

आमची उरलेली जमीनही कंपनी घेणार आहे. बाबांनी ते परवा जेवताना सांगितलं, भाकरी मोडत, आणि वर म्हणाले, "मोजणी तूच कर. तुझं माप चुकत नाही." मी त्यात टोमणा शोधला. नव्हता. पुढच्या सोमवारी मोजायला सुरुवात करते.

आता हे पत्र का, ते. सिरिलोकाकांना यातलं काहीही माहीत नाही. ना नवी तार, ना खटला, ना गाई गेल्याचं. दर रविवारी बाबा त्यांच्याकडे पत्ते खेळायला जातात. पत्त्यांत बाबांना एक साधी थाप मारता येत नाही. काका भुवई बघून ओळखतात. पण "डोह कसा आहे?" म्हटलं की बाबा पान टाकता टाकता म्हणतात, "काठोकाठ. गाई इतक्या पितात की चालताना आतून खळखळ ऐकू येते." न्यायाधीशासमोर ज्यांना एक "नाही" धड पेललं नाही, ते माझे बाबा. आपण जमीन विकताना एलादिओचं पाणीही विकलं हे काकांना कळलं, तर त्यांच्यापाशी ते घेऊन बसायला सबंध दिवस रिकामे आहेत. एकदा फोनवर तू त्यांच्याशी बोलताना "खटला" म्हणालास. त्यांच्यापासून हे लपवलंय हे तुला कोणी सांगितलं नव्हतं, तुझी चूक नाही. बाबांनी सावरून घेतलं, की नोएलियाने गाडीखाली कोणाची तरी गाय घेतली, त्याचा खटला. तेव्हापासून मी दिसले की काका विचारतात, "काय मोजणीबाई, या आठवड्यात किती गाई पाडल्यास?" बाबा आता कोणत्या रविवारी काय सांगितलं ते विसरतात, म्हणून मी लिहून ठेवते. तुझंही बोलणं जुळावं म्हणून सोबत दोन पानं जोडली आहेत. बासष्ट गाई, खुणांसकट. या हंगामात व्यालेल्या एकेचाळीस. एक विजेने मेलेली, कारण सगळ्याच जगल्या तर काकांना संशय येईल. पानांचा फोटो काढून पाठवता आला असता, पण काकांशी बोलताना फोन तुझ्या कानाला असणार. यादी हातात हवी. बेरजा मी दोनदा तपासल्या आहेत, जुळतात. काही बदललं की कळवीन. डोळ्याजवळ ठिपका असलेली गाय सप्टेंबरमध्ये व्यायची आहे. कालवड होईल असं बाबांनी ठरवलंय, आणि तिचं नाव तादेओने ठेवायचं, असं काकांनी सांगितलंय. ते ऑगस्टच्या आत पाठव. मी जागा मोकळी ठेवली आहे.

अजूनही तुझीच शेजारीण,
नोएलिया